वहिनीचा पदर

साडेदहाला वर्गातले दिवे मंद झाले आणि टेबलावर यंत्राच्या प्रकाशातून वहिनी उमटली. उमटली म्हणजे पायाच्या नखापासून केसांपर्यंत, खरी बाई निजलेली असावी तशी. छाती वरखाली होत होती, पापण्या लवत होत्या. मुलींनी स्पर्शमोजे चढवले. हे मोजे घालून वहिनीच्या मनगटावर बोट टेकलं की नाडी लागायची, कपाळावर हात ठेवला की ऊब जाणवायची. एक हात फिरवला की कातडी विरून स्नायू दिसायचे, दुसरा फिरवला की बरगड्या आणि त्यांच्या आत फुगणारी-मिटणारी फुप्फुसं. हृदय तर ओंजळीत घेता यायचं. त्याची झडप बोटानं अडवली की वहिनीचे ओठ निळे पडायचे आणि ती धापा टाकत म्हणायची, "सिस्टर, दम लागतोय."

माणदेशातल्या त्या तालुक्याच्या गावी, परिचारिका प्रशिक्षण केंद्रात हे यंत्र येऊन तीनएक वर्षं झाली होती. त्याचं सरकारी नाव 'चलदेह'; त्यातला बाईचा देह म्हणजे मुलींची वहिनी. पुस्तकातलं चित्र गप्प बसतं. चलदेहाच्या आतला प्रत्येक अवयव गणितानं चालतो, त्यामुळे त्याला प्रश्न विचारता येतो. मूत्रपिंड थकलं तर पायाला सूज कधी येईल, साखर उतरली तर माणूस आधी घामाघूम होईल की आधी बरळेल, ते करून बघायचं. शरीरक्रियाशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. इरावती मुळीक यांची निम्मी नोकरी फळ्यावर खडूनं हृदय काढण्यात गेली होती. चलदेह आला तेव्हा त्यांना मनापासून आनंद झाला होता. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण पुढे त्यांना 'नवीन काही नको असलेल्या बाई' म्हणून हिणवलं गेलं.

त्या आनंदात एक खडा होता. बेंबीच्या जरा वरपासून मांडीच्या मध्यापर्यंत वहिनीवर कायम राखाडी धुकं असायचं. राज्याच्या पाठ्यसामग्री शालीनता समितीनं ते घालायला लावलं होतं. कागदावर त्याचं नाव 'शालीनता-पटल'. मुली म्हणायच्या, वहिनीचा पदर. पदरापाशी हात गेला की मोजे ताठ व्हायचे, बोटं पुढे सरकायची नाहीत आणि एक गोड आवाज म्हणायचा, "कृपया मर्यादा राखा." बाळंतपणाचा पाठही याच धुक्यात व्हायचा. वहिनी कण्हायची, पडद्यावरचे आकडे चढायचे-उतरायचे आणि धुक्यातून स्वच्छ पुसलेलं बाळ बाहेर यायचं. बाळ कुठून तरी धुक्यातून येतं, एवढंच शिकवायचं होतं तर त्यासाठी इतका खर्च कशाला केला? ते तर आपल्याकडे घरोघर फुकटात सांगतात.

शेजारच्या टेबलावरच्या पुरुषदेहाला, मुलींच्या भाषेत भावजींना, असला काही पदर नव्हता. त्यांचं सगळं उघडं, सगळं हाताळता येण्याजोगं. लघवीची नळी घालायचा सराव मुलींनी त्यांच्यावर यथास्थित केला होता. समितीचं म्हणणं असं, की पुरुष रुग्णाची गोष्ट वेगळी. कशी वेगळी, ते समितीनं कधी सांगितलं नाही आणि त्यांना कुणी विचारलंही नाही. इरावती मॅडमनी दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा 'सूचनेची नोंद घेण्यात आली आहे' असं उत्तर आलं आणि धुकं जागच्या जागी राहिलं.

चलदेह आला म्हणून सरावाची जुनी रबरी पोटं भंगारात गेली. चलदेह आहेच, म्हणून मुलींचे प्रसूतिकक्षातले दिवसही कमी झाले. दोन्ही निर्णयांचं वर्तमानपत्रांनी कौतुक केलं.

मग मयूरी वाघमोडेचं बाळंतपण झालं.

मयूरी बावीस वर्षांची, पहिलटकरीण. केंद्राला लागूनच असलेल्या रुग्णालयात भरदुपारी तिला मुलगी झाली. सगळं सुरळीत झालं. वारही पडली, इंजेक्शनही दिलं. मोठ्या सिस्टरांनी बाळ मयूरीच्या कुशीत दिलं आणि पलीकडे दुसरी बाई अडली होती म्हणून त्या तिकडे धावल्या. मयूरीपाशी लक्ष ठेवायला शेवटच्या वर्षाची तेजस्विनी लोखंडे बसली. वर्गात पहिली येणारी, हातानं हलकी, रुग्णांशी गोड बोलणारी मुलगी. तिनं नाडी बघितली, रक्तदाब बघितला, पुन्हा बघितला. आकडे बरे होते. मयूरी म्हणाली, "ताई, गार वाटतंय गं." तेजस्विनीनं तिच्यावर आणखी एक ब्लँकेट घातलं.

ब्लँकेटाखाली मयूरी रक्तात भिजत होती. खाटेच्या कडेवरून थेंब फरशीवर पडला, तो तिच्या आईला दिसला आणि आईनं हंबरडा फोडला. पुढचं सगळं धावपळीत झालं. मयूरीचा जीव वाचला, पण तो वाचवताना गर्भाशय काढून टाकावं लागलं.

दुसऱ्याच दिवशी तेजस्विनीवर निष्काळजीपणाचा ठपका आला. चौकशी व्हायची, आणि दोष सिद्ध झाला तर नाव कमी, पुन्हा कुठल्याही केंद्रात प्रवेश नाही. तिचे वडील टेम्पो चालवत. आपली पोरगी सिस्टर होणार हे ते रस्त्यात भेटेल त्याला सांगत सुटले होते.

इरावती मॅडमना राग आला होता, आणि तो आधी तेजस्विनीचाच आला होता. बाळंतिणीचं पोट न बघता बसून राहिली कशी ही मुलगी? त्यांनी तिला प्रयोगशाळेत बोलावलं.

"तिथं जे जे केलंस, ते इथं वहिनीवर करून दाखव. काही लपवू नकोस."

तेजस्विनीचे डोळे सुजले होते. तिनं मोजे चढवले. नाडी बघितली, डोळ्यांची खालची पापणी ओढून फिकेपणा बघितला, मग हात छातीवरून पोटावर आणला. बेंबीच्या वर चार बोटं तिचा हात थांबला आणि बाजूला झाला. मोजे ताठ झाले नाहीत, गोड आवाजही आला नाही. हात पदरापर्यंत पोचलाच नव्हता.

"पुढे?"

"पुढं काय न्हाई, मॅडम. पुढं आकडे बघायचे."

"गर्भाशय चाचपायचं पुस्तकात आहे ना?"

"हाय की. बेंबीपाशी हात दाबायचा, घट्ट गोळा लागला पायजे. पाठ हाय मला." ती खरोखर धडाधडा म्हणाली, परिच्छेदच्या परिच्छेद.

मॅडमनी तिला थांबवलं. मग त्यांनी दिवे लावले, वहिनीला घालवलं आणि स्वतः त्या रिकाम्या टेबलावर आडव्या झाल्या. "मोजे काढ. आता माझ्या पोटावर बघ. मी नुकतीच बाळंत झालेय असं समज."

मुलगी गांगरली. "मॅडम, असं कसं..."

"बघ म्हणते ना."

तेजस्विनीनं हात ठेवला. बरगड्यांखाली नीट, ठरावीक दाब देत तो खाली सरकला आणि बेंबीच्या वर चार बोटं थांबला. इथं ना पदर होता ना मोजे. "खाली घे," मॅडम म्हणाल्या. हात तसूभर सरकला आणि पुन्हा मागे आला. मुलगी स्वतःच्या हाताकडे बघतच राहिली.

"मी थांबवत न्हाई, मॅडम," ती म्हणाली. "शप्पथ. त्यो आपसूक थांबतोय."

इरावती मॅडम उठून बसल्या. तीन वर्षं, आठवड्यातून चारदा, या मुलींच्या बोटांना एका यंत्रानं शिकवलं होतं की बाईच्या पोटावर इथपर्यंतच यायचं. डोक्यानं पुस्तक पाठ केलं होतं आणि हातानं पदर पाठ केला होता. ऐन वेळी हातानं आपलंच खरं केलं. त्यांना पुन्हा राग आला. या खेपेला राग तेजस्विनीचा नव्हता.

चौकशीला राजधानीतून डॉ. हुद्दार आले. ते शालीनता समितीचेही अध्यक्ष होते. म्हणजे ज्यानं कुलूप लावलं, तोच दार का उघडलं नाही याचा तपास करायला आला होता. मात्र माणूस सभ्य, आवाज मऊ, बोलण्यात 'आपण' आणि 'कृपया'. बरोबर चलदेह बनवणाऱ्या कंपनीचा अभियंता तन्मय होता. मॅडमनी चौकशी प्रयोगशाळेतच घ्यायला लावली आणि तेजस्विनीच्या वर्गातल्या सगळ्या मुलींना मागच्या भिंतीशी उभं केलं.

हुद्दारांनी सुरुवात केली. "आकडे चांगले होते म्हणून ही मुलगी बसून राहिली. आकड्यांवर विसंबा, असं आपण शिकवतो का?"

"त्याचं उत्तर वहिनीच देईल," मॅडम म्हणाल्या. "तन्मय, प्रसूतीनंतरची स्थिती लावा. वार पडलेली. आणि एक अट घाला: गर्भाशयाचा स्नायू आपोआप आवळला जाऊ नये. पूर्ण सैल."

तन्मयनं अट घातली. वहिनी उमटली. चेहरा दमलेला, पण प्रसन्न.

"सर, वार सुटते तिथं रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी पडतात," मॅडम सांगू लागल्या. "गर्भाशय आवळलं की ती चिमटली जातात. नाही आवळलं तर नळ उघडाच. दिवस भरलेल्या बाईच्या गर्भाशयाला मिनिटाला अर्ध्या लिटरच्या आसपास रक्त जातं. म्हणजे ही बाई किती वेळ जगेल?"

"फार नाही," हुद्दार म्हणाले. शेवटी तेही डॉक्टरच होते.

"तन्मय, काळ पुढे घ्या. अर्धा तास."

आकडे हलले नाहीत. वहिनीचे गाल गुलाबी होते.

"सहा तास."

"बरं वाटतंय, सिस्टर," वहिनी म्हणाली. "जरा चहा मिळेल का?"

मागे उभ्या मुलींपैकी कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. मॅडमनी एक दिवस पुढे घ्यायला सांगितलं, मग एक आठवडा. सैल गर्भाशय घेऊन, नळ उघडा टाकून, वहिनी आठवडाभर तुकतुकीत राहिली.

हुद्दारांनी चष्मा काढला. "यंत्र बिघडलंय का हे?"

"नाही सर." तन्मय खाली बघत होता. "पटलामागे काही दाखवायचं नाही म्हटल्यावर तिथलं गणितही बंद ठेवलं. जे दिसणार नाही, ते मोजायचं कशाला? यंत्रावर विनाकारण भार. पण मग त्या भागात गेलेल्या रक्ताचं काय करायचं, हा प्रश्न आला. ते जसंच्या तसं परत आलं, असं आम्ही धरलं."

"धरलं?" मॅडमचा आवाज वर गेला. "धरलंत? या राज्यात बाळंतिणी मरतात त्या याच रक्तानं मरतात, आणि तुम्ही ते परत आलं असं धरून चाललात? या मुलींनी शेकडो बाळंतपणं केली या टेबलावर. एकदाही, एकदासुद्धा त्यांच्या वहिनीला रक्तस्राव झाला नाही! मग खऱ्या बाईला होतो यावर त्यांच्या हातांनी विश्वास ठेवायचा कसा?"

"मागणीत तसंच लिहिलं होतं, मॅडम," तन्मय पुटपुटला.

"आपण शांतपणे बोलू या," हुद्दार म्हणाले. "समितीचा हेतू वाईट नव्हता. खेड्यापाड्यांतून येतात या मुली. त्यांचे पालक काय म्हणतील, याचाही विचार करावा लागतो. मलाही दोन मुली आहेत."

"मग त्यांच्या बाळंतपणाला जवळ कोण बसणार, सर? ह्याच पोरी बसणार. त्यांनी आकडे बघत बसलेलं चालेल तुम्हाला?"

हुद्दारांनी चष्मा पुसून डोळ्यांवर ठेवला.

"पटल काढा," मॅडम म्हणाल्या. "आत्ता. इथं. तुमच्या आवाजाशिवाय निघत नाही ते."

हुद्दारांनी एकदा तन्मयकडे बघितलं. मग त्यांनी मान हलवली. "ठीक आहे. काढतो." आणि मागे वळून ते अगदी सौजन्यानं म्हणाले, "त्याआधी मुलींना जरा बाहेर पाठवा."

तन्मयनंसुद्धा मान वर करून बघितलं. त्या वाक्यात काय चुकलं, ते हुद्दारांच्या खरोखर लक्षात आलं नव्हतं. पुढल्या महिन्यात गावोगावच्या उपकेंद्रांत एकेकट्या बाळंतपणं करणाऱ्या मुलींनी बाईचं गर्भाशय बघू नये म्हणून बाहेर थांबायचं, आणि ते बघायचं कुणी, तर एका अभियंत्यानं आणि एका अधिकाऱ्यानं. मॅडम संतापून पुढे सरसावल्या.

बोलली ती तेजस्विनी. "सर, मी न्हाई जाणार भाईर. मला काढायचं आसंल तर काढा, पर माझ्या हातनं काय ऱ्हायलं ते मला बघू द्या."

एकही मुलगी जागची हलली नाही. हुद्दारांनी घड्याळाकडे बघितलं, दाराकडे बघितलं, आणि यंत्राला परवानगीचे शब्द सांगितले.

धुकं विरलं. गणित सुरू झालं आणि वहिनीचा चेहरा डोळ्यांदेखत पांढरा पडायला लागला. टेबलावर लाल पसरत गेलं. मुली भिंतीपासून सुटून टेबलाभोवती आल्या. आकडे मात्र अजूनही ठीक होते. तरण्या बाईचं शरीर शेवटपर्यंत नेटानं तग धरतं, आकडे पडतात ते अगदी अखेरीला, असं मॅडम सांगत होत्या. त्या पोरींनी ते आजवर नुसतं ऐकलं होतं, आज दिसत होतं.

"हात घाल," मॅडम म्हणाल्या. "बेंबीच्या खाली. दाब."

तेजस्विनीनं मोजे चढवले; तिचा हात नेहमीच्या जागी थांबला. मॅडमनी तो मनगटाला धरून खाली नेला.

"काय लागतंय?"

"काहीच न्हाई. मऊ. भिजलेल्या कणकीत हात गेल्यागत."

"हेच. हे असं मऊ लागलं की समजायचं बाई चालली. आता चोळ. गोल. जोरात. आणि मदतीला हाक मार."

मुलगी चोळू लागली. पहिल्यांदा हळूहळू, मग सगळं अंग लावून. काही वेळानं तिच्या तळव्याखाली काहीतरी आवळून आलं, घट्ट होत गेलं, नारळाएवढा गोळा झाला. टेबलावरचं लाल पसरायचं थांबलं. वहिनीनं खोल श्वास घेतला.

तेजस्विनीनं हात उचलला नाही. तिनं मॅडमकडे बघितलं. "एवढंच?" ती म्हणाली. "मॅडम, एवढंच हुतं?" आणि ती टेबलाच्या कडेला धरून ओक्साबोक्शी रडायला लागली. इतर मुलींपैकी कुणी तिला जवळ घेतलं, कुणी मोजे घालून आपली पाळी यायची वाट बघत उभी राहिली.

निकाल संध्याकाळच्या आत लागला. तेजस्विनीवरचा ठपका काढला. कारण म्हणून 'प्रशिक्षणसामग्रीतील तांत्रिक त्रुटी' असं लिहिलं गेलं. या केंद्रापुरतं पटल उघडायला परवानगी मिळाली, पण महिला शिक्षिकेच्या उपस्थितीत आणि बंद दाराआड. बाकी जिल्ह्यांतल्या केंद्रांबद्दल समिती यथावकाश विचार करणार होती. इरावती मॅडमनी सही करायला नकार दिला. त्रुटी म्हणजे नकळत झालेली चूक, आणि हे तर मागून घेतलेलं, असं त्यांनी हुद्दारांना तोंडावर सांगितलं. हुद्दार म्हणाले, आपला मुद्दा नोंदवून घेतला आहे.

तेजस्विनी बाहेर पायरीवर बसून होती. नाव कमी व्हायचं टळलं होतं, तरी तिच्या तोंडावर आनंद नव्हता. "त्या बाईंना कुणी काय सांगितलंय, मॅडम?"

मॅडमना माहीत नव्हतं. दोघी रुग्णालयात गेल्या.

मयूरी खिडकीजवळच्या खाटेवर उशीला टेकून बसली होती, मुलगी मांडीवर. तिची आई फळ सोलत होती. तेजस्विनीला बघून आईचा हात थांबला आणि चेहरा कठीण झाला. मयूरी मात्र शांतपणे म्हणाली, "या. बसा."

तिला इतकंच सांगितलं गेलं होतं की रक्त फार गेलं आणि पिशवी काढावी लागली. का गेलं, हे डॉक्टरांनी नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं. नवऱ्यानं तिला सांगितलं नव्हतं, बायकांच्या गोष्टी म्हणून. इरावती मॅडम स्टुलावर बसल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. गर्भाशय कसं सैल पडलं, ते हाताला कसं लागलं असतं, चोळलं असतं तर बहुतेक आवळलं असतं. चलदेह, धुकं, मोजे, समिती. काही झाकलं नाही. तेजस्विनी खाटेच्या पायथ्याशी मान खाली घालून उभी होती.

मयूरीनं सगळं ऐकून घेतलं. मधे बाळ किरकिरलं, त्याला तिनं थोपटलं. मग तिनं तेजस्विनीला जवळ बोलावलं.

"म्हंजे तुला ठावं हुतं, पर हात लावायचं शिकवलंच नव्हतं?"

तेजस्विनीनं होकारार्थी मान हलवली.

"का? आमच्या अंगाला हात लावायला लाज वाटती म्हणून?"

"समितीला तसं वाटलं," मॅडम म्हणाल्या.

"त्यातलं कुणी त्या दिवशी हितं हुतं?"

"नाही."

मयूरीनं मांडीवरच्या मुलीचं दुपटं सारखं केलं. तिच्यानंतर आता कुणी होणार नव्हतं. मग तिनं मॅडमकडे बघितलं. रागाची तिच्यात ताकद नव्हती, पण नजर हलत नव्हती.

"मला तर लाज वाटत नव्हती, मॅडम. मी गार पडत चालल्याली. कुणी पण येऊन कुठं पण हात घातला आसता तर मी त्याचं पाय धरलं आसतं. माझ्या आईला लाज वाटत नव्हती. ह्या पोरीला पण वाटत नव्हती. मग मला एवढंच सांगा, माझी पिशवी नेमकी कुणाच्या लाजंपायी गेली?"